जमनाचं दुखणं

अंजूला सिकलसेल आहे हे कळलं तेव्हा ती सात वर्षांची होती. तिच्या आजीने, मोतीबाईने, ते पहिल्या दिवसापासून मानलंच नाही. पोरीचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे पडतात, महिन्यातून चार दिवस शाळा बुडते, हे तिला दिसत होतं. पण यवतमाळच्या दवाखान्यातल्या शुभदा मॅडम म्हणाल्या की हा आजार पोरीला आईकडून आणि बापाकडूनही आला आहे, तिथे तिचं बिनसलं.

"माह्या फकिराच्या रक्तात काही नाही," ती घरी येऊन सुनेला म्हणाली. "तुमच्या माहेराकडं, आर्णीले असन."

संगीताने दवाखान्याचे कागद घडी करून पेटीत ठेवले. नवरा-बायको दोघांच्याही रक्ताचे कागद सारखेच आले होते. सासूला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवलं तर ऐकायचं नव्हतं.

अंजूला रोज एक गोळी सुरू झाली. हळूहळू दुखणं कमी झालं. शाळा बुडेना. दारव्ह्याजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर पोरगी आता बाकीच्या पोरींसारखी धावायला लागली होती. मग कापूस वेचणीचे दिवस आले. संगीता उजाडताच शेतात जायची, फकिरा यवतमाळच्या लाइनवर जीप चालवायचा. दुपारच्या सुट्टीत अंजू जेवायला घरी आली की गोळी द्यायचं काम मोतीबाईकडे आलं.

एक दिवस शेजारच्या सुखीबाईने ती गोळ्यांची डबी हातात घेऊन पाहिली.

"माय व! हे तर कॅन्सरची दवाई व्हय. माह्या भावाले हेच देत होते."

"मंग?"

"मंग काय? गेला तो."

मोतीबाईने डबी तिच्या हातून काढून घेतली. त्या दिवशी तिने गोळी चुलीत टाकली आणि अंजूच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "मायले सांगू नको," ती म्हणाली. अंजूला काय, गूळ आवडायचा. रोज एक गोळी चुलीत जाऊ लागली, आणि रोज मोतीबाईला वाटायचं, आपण पोरीला वाचवून राह्यलो.

जवळजवळ महिना असा गेला. डिसेंबरची थंडी पडली होती. एका दुपारी अंजू शाळेतून आली ती उंबऱ्यावरच बसली. मोतीबाईने कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"दादी, सास घेतला की दुखते," छातीवर हात ठेवून अंजू म्हणाली.

घरात कोणी नव्हतं. शेत लांब होतं. मॅडमची सगळी सांगणी मोतीबाईने या कानाने ऐकून त्या कानाने सोडली होती, पण एक तेवढं डोक्यात राहिलं होतं: ताप आला की वाट पाहायची नाही, सरळ दवाखाना. तिने पोरीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि साठीतली ती बाई डांबरी सडकेपर्यंत जवळपास पळतच गेली. कापसाने भरलेला एक ट्रक यवतमाळला निघाला होता. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडीवाल्याने एक शब्द न विचारता दार उघडलं.

दवाखान्यात अंजूला ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, तापाची इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी रक्ताची पिशवी चढली. तोवर तांड्यावरून निरोप मिळून फकिरा आणि संगीता धापा टाकत पोहोचले होते. शुभदा मॅडमनी तिघांना बाहेर बोलावलं.

"छातीत जंतुसंसर्ग झालाय. वेळेवर आणलंत म्हणून बरं. आता मला सांगा, गोळी रोज चालू होती ना?"

"हाव, रोज," संगीता म्हणाली.

मोतीबाई पुढे झाली. "नाही देली म्या," ती म्हणाली. "महिना झाला. चुलीत टाकली."

फकिरा आईकडे बघतच राहिला. संगीता सासूकडे वळली. "याडी, निदान मले तरी सांगाचं होतं," एवढंच ती म्हणाली आणि तोंड फिरवून पोरीकडे आत गेली.

मोतीबाई शिव्यांची वाट पाहत उभी होती. मॅडमनी तिला बाकावर बसवलं, शेजारी स्वतः बसल्या.

"आजी, ते औषध कॅन्सरलाही देतात, हे खरं आहे. अंजूला त्याचा थोडाच डोस आहे, आणि म्हणूनच आपण तिचं रक्त सारखं तपासतो. तिच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हाडं दुखतात, ताप आला की जिवावर बेततं. गोळीने ते पुष्कळ कमी होतं. तुम्ही ती बंद करायला नको होती. पण आज तुम्ही थांबला असता, तर त्याहून वाईट झालं असतं."

मोतीबाई मान खाली घालून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "हाडं कशी दुखते, मॅडम? रडते का लेकरू? पाय धरून बसते? पाणी आणाले पाठवलं त वाटंतच बसते?"

"हो. कोणी असं होतं का घरात?"

"माही जमना."

फकिराने झटकन वर पाहिलं. जमना त्याची बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी. तिचं नाव घरात तीस वर्षांत निघालं नव्हतं.

"नऊ वर्साची होती," मोतीबाई म्हणाली. "तिचेही डोये पिवये होते. हंडा अर्ध्या वाटंत ठेवून बसाची. मी म्हणो, पोट्टी कामचोर हाय. काडीनं मारलं म्या तिले. दोनदा. मंग एका थंडीत ताप आला, आन् तीन दिवसांत गेली. तिचं खरंच दुखत होतं का हो, मॅडम?"

शुभदा मॅडमना खोटं बोलता आलं नाही. "तपासल्याशिवाय नक्की नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या, "पण बहुतेक दुखत असेल. तुम्हाला ते कळायला काही मार्गच नव्हता, आजी. तेव्हा तांड्यावर कोण येत होतं रक्त तपासायला?"

मोतीबाईने बाही वर केली. "माहं घ्या."

तिच्या रक्तातही ते निघालं. अर्धं, फकिरासारखंच: स्वतःला त्रास नाही, पण लेकरांत उतरणारं. त्या वेळी ती रडली नाही. रडली ती दुसऱ्या दिवशी, दवाखान्याच्या आवारात संगीताने टपरीवरचा चहा आणून पहिला कप तिच्या हातात दिला तेव्हा. संगीता शेजारी बसली; फकिराने तिला रात्री सगळं सांगितलं होतं. तिने विचारलं, "कशी होती व जमनाबाई? दिसाले?"

"गोरी," मोतीबाई म्हणाली. "हसली का गालाले खड्डा पडे." आणि मग ती बोलतच राहिली.

आठ दिवसांनी अंजू घरी आली. गोळी आता मोतीबाईच देते, पोरीने तोंड उघडून दाखवल्याशिवाय जागची हलत नाही. पाण्याची बाटली घेऊन शाळेच्या दारापर्यंत जाते. सुखीबाईच्या नातवाला कावीळ म्हणून झाडपाला सुरू होता, त्याला ती स्वतः रक्त तपासायला यवतमाळला घेऊन गेली.

श्रावणात तांड्यावर तीज आली. पोरींनी टोपल्यांत गहू पेरले आणि तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या अंगणात फेर धरला. अंजूला नाचायचं होतं. संगीता नाही म्हणत होती; भुरभुर पाऊस होता, गारवा होता.

"नाचू दे," मोतीबाई म्हणाली. "मी हाय ना."

तिने अंजूला लोकरीचं बनियन घातलं, कानाला फडकं बांधलं आणि फेराच्या कडेला पाट टाकून बसली. दोन फेर झाले की ती हाक मारायची. अंजू येऊन तिच्या मांडीवर टेकायची, पाणी प्यायची, छातीचा भाता खाली बसेपर्यंत थांबायची. बाकीच्या पोरी तेवढा वेळ गाणं लांबवायच्या. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं.

"थकली का?" मोतीबाईने विचारलं.

"थोडीशीच," अंजू म्हणाली.

"मंग बस थोडी. कोणी काही म्हणत नाही."

अंजू बसली. मग तिची तीच उठली आणि ओल्या अंगणात, पोरींच्या हातात हात घालून, पुन्हा फेरात मिसळली.