तत्त्वतः मान्य

"मंगळवारी तुमच्या बसमध्ये किती माणसं असतात?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सहा," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं, आणि तिथंच माती खाल्ली.

मी इस्लुइन. एकवीस वर्षं आमच्या पेंत्रेवेर्न गावची बस चालवतोय. कार्डिफला आमच्या वेल्सच्या संसदेत साक्षीला जायची ही पहिलीच वेळ. सरकार खेड्यांतल्या बसचा पैसा बंद करायला निघालं होतं आणि समिती त्याचा जाब विचारणार, एवढंच मला ठाऊक होतं. पण तिथं कोण कुणाच्या बाजूचं तेच कळेना. सरकारी पक्षाच्याच एक बाई मंत्र्यांना फाडून खात होत्या, आणि विरोधी पक्षाचे गृहस्थ नुसते मान डोलवत होते. मी वेल्शमध्ये बोलायचो, काही जण ते कानातल्या यंत्रातून इंग्रजीत ऐकायचे, त्यामुळे त्यांच्या माना जरा उशिरानेच हलायच्या. शेवटी मंत्री म्हणाले, चालकच सांगतायत, सहा माणसं.

त्या सहांतली तिघं शहरातल्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या उपचाराला जातात, हे मी बोललोच नाही. आमच्या गावात दुसऱ्याचं दुखणं चारचौघांत काढत नाहीत. त्या तिघांतली ओल्वेनमावशी तर वर्षभर सगळ्यांना सांगत होती, की बहिणीकडे जाते.

आठवड्याने माझ्या साक्षीची प्रत तपासायला आली. मी त्यात त्या तिघांचं घालून परत पाठवली. समितीच्या कारकुनाचा फोन आला. बोललात ते चुकीचं उतरलं असेल तर दुरुस्त करू, पण बोललाच नाहीत ते कसं घालणार? त्यापेक्षा वेगळं पत्र पाठवा, आम्ही ते सगळ्यांना वाचायला ठेवू.

सगळ्यांना म्हणजे गावालासुद्धा. मी मावशीकडे गेलो. लहानपणी चॅपलच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या, रविवारच्या शाळेत हिनेच माझे कान पिळले होते. तिला पत्राचं सगळं सांगितलं.

"बाकीच्यांची नावं नकोत," ती म्हणाली. "माझं घाल. पूर्ण घाल."

पत्र गेलं. बस चालू ठेवा, अशी शिफारस समितीने केली. मला वाटलं, जिंकलो! कसलं काय. समिती विचारते, सुचवते, ठरवतं ते सरकारच. सहा आठवड्यांनी सरकारचं उत्तर आलं: शिफारस तत्त्वतः मान्य. मी तीनदा वाचलं. कारकुनाला फोन केला. भला माणूस, पण बस आहे की नाही ते त्यालाही सांगता येईना.

"म्हणजे मंगळवारी बस आहे का रे?" मावशीने विचारलं.

"मान्य आहे म्हणतात, मावशी. पण पैसे नाहीत म्हणतात."

"मला तत्त्वतः जाता येत नाही, इस्लुइन. साडेसातला निघावं लागतं."

एव्हाना तिचं दुखणं गावभर झालं होतं. दुकानात, चॅपलमध्ये, जो तो तिला हळू आवाजात तब्येतीचं विचारत होता. मला तिला तोंड दाखवायची लाज वाटायची.

मंगळवारी बस नव्हती. मी माझी गाडी थांब्यावर नेली. चॅपलला जायचा कोट घालून ती उभी होती. बाकी दोघं पुढच्या गावात वाट बघत होती. मी पुढचं दार उघडलं, तर ती मागे जाऊन बसली.

"पुढचं गाव येईपर्यंत मला रडायचंय," ती म्हणाली. "तू रस्त्याकडे बघ."