पेन्लानची कातरणी

सकाळपासून इद्वल प्रिचर्ड फाटकापाशी येरझाऱ्या घालत होता. मेंढ्या कोंडून ठेवल्या होत्या, लोकर कोरडी होती, आभाळ मोकळं होतं. यायची राहिली होती ती माणसं. ती येतील की नाही, म्हणून तो दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होता.

पेन्लानची, म्हणजे इद्वलच्या शेतावरची, मेंढ्यांची कातरणी जूनच्या शेवटच्या शुक्रवारी, हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बोलावणं नाही, आठवण नाही. पेन्लान झालं की शेजारचं नांत, मग त्याच्या पुढचं शेत. एकाच्या दारात सगळे. यंत्रं घरघरायची आणि जिभा त्याहून जोरात चालायच्या. मग घरधनिणीच्या टेबलावर सगळे आडवा हात मारायचे.

पण या मंगळवारी इद्वलने जिल्हा परिषदेत गावची शाळा बंद करायला हात वर केला होता. आणि ही शाळा वाचवतो म्हणून तर गडी तरुणपणी पहिल्यांदा निवडून आला होता! पुढे सभापती झाला, खोऱ्यात रस्ता आणला, दवाखाना आणला. आता शाळेत चार टाळकी उरलेली, खेळायला बरोबरीचं कुणी नाही. आपण केलं ते बरोबरच, असं त्याला अजूनही वाटत होतं. पण तेवढ्याने झोप थोडीच लागते?

"किती ताटं मांडू?" त्याची बायको तेग्वेन दारातून ओरडली.

"दरवर्षीइतकीच."

"मग कुणी मेल्यासारखं तोंड का केलंयस?"

"नाही आले तर गं?"

"येतील. शिव्या घालतील, पण येतील. चल, चहा घे."

चहा कसला घशाखाली उतरतोय! एव्हाना दरवर्षी नांतच्या एल्विनची जीप सगळ्यांच्या आधी अंगणात असायची. एल्विन म्हणजे त्याच शाळेतल्या एका बाकावरचा दोस्त, प्रत्येक निवडणुकीत दारोदार हिंडलेला. एल्विनची नात आज त्या शाळेत होती. रस्ता अजून रिकामाच. शेवटी इद्वलला राहवेना. त्याने मोबाईल काढला.

"एल्विन, येतोयस ना रे?"

पलीकडून जीपचं इंजिन ऐकू आलं. मग, "काय विचारलंस?"

"नाही, ते मंगळवारचं... म्हटलं..."

"फाटक उघडून ठेव." फोन बंद.

थोड्याच वेळात जीपा आल्या, एकामागोमाग एक, सगळ्या. इद्वलच्या जिवात जीव आला. माणसं बाह्या सरसावून कामाला भिडली. हात नेहमीसारखेच चालले, पण कुणी चकार शब्द काढेना. "पुढची द्या, साहेब." बस्स, एवढंच. साहेब! शेताच्या नावावरून इद्वल पेन्लान, याखेरीज आजवर त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. शिव्या याव्यात म्हणून तो कान लावून बसला.

शेवटची मेंढी सुटली तशी यंत्रं जीपांत चढली.

"अरे, जेवायचं ना?" तेग्वेन धावत आली. "मटण भाजलंय, खीर केलीय!"

"पोट भरलंय, तेग्वेन," एल्विन म्हणाला.

इद्वलने जीपचं दार धरलं. "शाळेचा राग आहे ना? घाल शिव्या. मार हवं तर."

"शाळेवरून तर तुला आज दिवसभर सोलणार होतो. घरून तयारी करून निघालो होतो." एल्विन म्हणाला. "तो पुढच्या शेतावरचा ग्विलिम येणार नाही म्हणून रुसून बसला होता. सकाळपासून त्याच्या दारात उभा राहून सांगत होतो, मत वेगळं, कातरणी वेगळी. कसाबसा जीपमध्ये बसवला आणि सगळ्यांदेखत तुझा फोन आला. अरे, मी येणार का, हे तुला विचारावंसं वाटलं?"

इद्वलने दार सोडलं. "चुकलं," तो पुटपुटला. "पुढच्या शुक्रवारी नांतला मी उजाडतच येतो."

एल्विनने जीप सुरू केली. त्याने इद्वलकडे पाहिलं नाही.

"बघतो," तो म्हणाला. "लागलं तर फोन करीन."