डावा पाय बादलीत

मित्रांनो, जुनी म्हणा, चालेल. भंगार म्हटलेलं मात्र मला खपत नाही. मी एका लांबलचक ट्रेलर ट्रकची गिअरपेटी आहे, हाताने गिअर टाकायच्या जमान्यातली. पोटात बारा गिअर. कारखान्यात माझं कवच ओतलं, आतल्या चाकांना दाते पाडले, आणि तेल भरून मला तासभर फिरवून पाहिलं. तपासणारा म्हणाला, हिचा आवाज गोड आहे. ते कौतुक मी विसरलेले नाही, आणि का विसरावं?

मग मला ट्रकखाली बसवलं. वर केबिनमध्ये माझा दांडा आणि त्याच्या मुठीवर माझ्या चालकाचा हात. त्याची लेक त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते. कागदाच्या गिरणीतली रिळं बंदरावर पोचवायची, हे आमचं काम. एकेक रीळ हत्तीच्या पिल्लाएवढं.

बाबा इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकायचे. माझे दाते खरवडले असं वर्षातून एखाद्या वेळीच व्हायचं, आणि त्या दिवशी बाबा जेवायचे नाहीत. लेकीलाही त्यांनीच शिकवलं. तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून शेजारी बसवायचे आणि ट्रक चालवता चालवता विचारायचे, आता कितवा? पहिला आठवडा तिने सगळे चुकीचे सांगितले. दोन महिन्यांनी तीच बाबांना म्हणाली, तुम्ही सातवा जरा उशिरा टाकलात. पोरगी तिखट निघाली. माझ्याच वळणावर गेली असं मला वाटतं.

अशी सोळा वर्षं गेली. मग बाबांचा डावा गुडघा बोलायला लागला. हातगिअरच्या ट्रकला दर गिअरला डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो, आणि आमच्या रस्त्याला चढ आणि सिग्नल यांना तोटा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अजून वर्षभर क्लच दाबलात तर पुढे जिना चढता येणार नाही. त्याच सुमारास आमच्या ट्रकच्या सांगाड्यालाही तडा गेला. नवा ट्रक घेणं आलंच. प्रश्न एवढाच, हातगिअरचा की आपोआप गिअर बदलणारा?

लेकीने ठरवून टाकलं होतं. आपोआपवाला. बाबा ऐकेनात.

"गिअर मी टाकायचा नसेल तर मी तिथे बसून काय करू? काच पुसू?"

"वर्षभर गिअर टाकाल आणि मग घरी बसाल," लेक म्हणाली. "मला एकटीला नाही चालवायचा ट्रक, बाबा."

खरं सांगते, राग येण्याआधी मला नवल वाटलं. आपोआप पेटी म्हणजे काय? तिच्या दिमतीला क्लच दाबणारं कोण? चढ आला हे तिला कोण सांगतं? तिला कान असतात का? नवे ट्रक विकणाऱ्याच्या आवारात आम्ही गेलो तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते, पण खाली झाकण घट्ट. काही दिसेना. दांडा तर नव्हताच, नुसती एक गोल कळ.

विकणाऱ्याने ट्रक दिवसभर चालवून बघायला दिला, मागे सिमेंटच्या ठोकळ्यांचं वजन लादून. बाबा चढले. ट्रक दहा पावलं गेला. इंजिनाचा सूर वाढला आणि बाबांचा डावा पाय सवयीने क्लचवर गेला. क्लच होता कुठे? तिथवर पसरलेला होता रुंद ब्रेक. ट्रक खिळा ठोकल्यासारखा थांबला. पाण्याची बाटली, चष्मा, कागदपत्रं, सगळं काचेवर. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आवारातले लोक काम टाकून बघायला जमले.

आमचा नेहमीचा मिस्त्री सोबत आला होता. तो म्हणाला, "दादा, पाय घरी ठेवून यायचं होतं."

बाबा हसले नाहीत. खाली उतरले, किल्ली लेकीच्या हातात दिली आणि माझ्या ट्रकच्या दाराला टेकून उभे राहिले. मित्रांनो, तेव्हा मी सुखावले. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, असं वाटलं. माणूस मान खाली घालून उभा आहे आणि मी फुगून बसले आहे. लाज वाटायला हवी होती.

 लेकीने मिस्त्रीकडून ग्रीसची रिकामी बादली आणली, नव्या ट्रकच्या केबिनमध्ये दाराच्या बाजूला घट्ट रोवली आणि म्हणाली, "बसा. डावा पाय यात."

"लोक बघतायत."

"मघापासून बघतच आहेत की."

बाबा बसले. डावा पाय बादलीत, उजवा पाय कामावर. ट्रक आवाराबाहेर गेला आणि मागच्या खाणीच्या चढाकडे वळला. मी तासभर कान लावून बसले.

परतले तेव्हा बाबांचा चेहराच वेगळा होता. मिस्त्रीला हातवारे करून सांगत होते. चढ संपत आला तसं त्या पेटीने आपल्या मनाने वरचा गिअर टाकला. पुढच्या वळणामागे दुसरा, पहिल्याहून उभा चढ होता, तो तिला कसा दिसणार? इंजिन गुदमरायच्या आत बाबांच्या बोटांनी स्टिअरिंगजवळची कळ ओढून खालचा गिअर घेतला होता. शेजारी बसलेल्या लेकीला तोवर वळणही दिसलं नव्हतं. उतारावरही त्यांनीच गिअर धरून ठेवला.

"तिला चालू घडीचं कळतं," बाबा म्हणाले. "पुढचं मला बघावं लागणार." आणि मग लेकीकडे न बघता, "घे हाच."

मला ट्रकमधून काढलं आणि मिस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. शेजारी दुरुस्तीला आलेली एक आपोआप पेटी झाकण उघडून पडली होती. मी डोकावले. आत काय असावं? माझ्यासारखेच फिरते दांडे, माझ्यासारखीच दातेरी चाकं! फक्त वर हवेच्या दाबाने सरकणारी छोटी बोटं, आणि चाकांचे फेरे मोजणारा एक डोळा. कान नाहीत. म्हणजे इतके दिवस मी माझ्याच बहिणीच्या नावाने बोटं मोडत होते.

आता मी ट्रक शिकवायच्या शाळेत आहे. मिस्त्रीने माझं कवच एका बाजूने कापलंय, म्हणजे तुम्हाला आतलं दिसतं. हाताने फिरवून बघा, हवं ते विचारा. फक्त ट्रक चालवताना दांड्यावर हात टाकून आरामात बसू नका. त्या भाराने माझ्या आतले, चाकं सरकवणारे काटे झिजतात. आणि तेल वेळेवर बदला.

गेल्या आठवड्यात बाबा इथे आले होते, जिना चढून, काठी न घेता. अजून चालवतात. पोरांना चढ कसा वाचायचा ते सांगून गेले. मी त्यांच्या गुडघ्याकडेच बघत राहिले. माझं तेल जरा कमी झालं की मी खडखड करून सगळा रस्ता डोक्यावर घ्यायचे, आणि ते लगेच ट्रक थांबवून खाली वाकायचे. त्यांचा पाय सोळा वर्षं क्लच दाबून झिजत होता. ते एकदाही ओरडले नाहीत. मित्रांनो, आज घरी गेलात की आधी त्यांना विचारा, जे ओरडत नाहीत.