एका माव्याचे सात फोटो

कपाशीच्या पानाखालचा मावा मोहरीच्या दाण्याहून लहान. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये भाता लावून त्याचा फोटो काढायचा, तर डोकं स्पष्ट आलं की मागचे पाय धूसर, पाय धरावेत तर डोकं गेलं. म्हणून मी एका किड्याचे सात फोटो काढायचो. दर फोटोला भात्याचा स्क्रू पाव फेरा पुढे. सातांत मिळून किडा अख्खा सापडायचा. जळगावच्या आमच्या शेतकी कचेरीत या पद्धतीचं फार कौतुक. साहेबांनी तिला तोतारामची पद्धत असं माझंच नाव देऊन टाकलं होतं.

पद्धत कसली डोंबलाची. मला दिसत नव्हतं. दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच गायब, आजूबाजूचं ठीक. फोकस जुळत नव्हता, म्हणून सगळा अंदाजपंचे कारभार. फिल्म धुऊन आणली की घरी माझी बायको बेबाबाई भिंग घेऊन बसायची आणि चांगल्या फोटोंवर खुणा करायची. निवृत्तीला तीन वर्षं होती. कळलं असतं तर नोकरी आणि सरकारी क्वार्टर, दोन्ही गेलं असतं. आपल्या तोंडून शब्द काढायचा नाही, अशी तिने मला गळ्याची शपथ घातली होती. शपथ मी मोडणार नव्हतो. पण रोज सकाळी देवाजवळ एकच मागायचो, दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येऊ दे. या लबाडीचा मला वीट आला होता.

एक्क्याण्णव सालच्या सप्टेंबरात साहेबांनी फर्मान काढलं, जळगाव आणि धुळ्याच्या वीस कृषी सहायकांना तोतारामने ही पद्धत शिकवायची. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून आणू?

वर्गात मी पान टाचलं, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि स्क्रू फिरवत सात फोटो काढले. कुणीतरी विचारलं, नीट बघून एकदाच का जुळवत नाही? मी म्हटलं, डोळा फसवतो, स्क्रू फसवत नाही. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग पिंपळनेरकडचा तेरसिंग पुढे आला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. वाकून म्हणाला, "आबा, टोपण लायेलच शे."

लेन्सवरचं टोपण मी काढलंच नव्हतं. डोळा मी नुसता दाखवायला टेकवायचो, त्यामुळे आतला काळोख कळलाच नाही. सात फोटो निव्वळ काळोखाचे. खरं सांगतो, मला आनंद झाला. वाटलं, सुटलो एकदाचा. पण साहेब खो खो हसले. म्हणाले, बघा, तोतारामने तुमची परीक्षा घेतली, विसांत एकच पास. टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात धुळ्याला जाऊन तिथल्या उरलेल्यांसाठीही हाच वर्ग घ्यायचा, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. मी हात जोडून उभा राहिलो.

सगळे पांगल्यावर सामान आवरायला तेरसिंग मागे थांबला. दाराकडे एकदा बघून त्याने हळूच विचारलं, "आबा, तुमले दिसत नही ना?"

दोन वर्षांत हे विचारणारा पहिला माणूस. मला रडूच आलं. मी मान हलवली. मान हलवण्याबद्दल बेबाबाई काही बोलली नव्हती.

त्याने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "फिकर करू नका. मी कोनले सांगाव नही."

सांग रे बाबा, आत्ताच जा आणि साहेबांना सांग, असं अगदी ओठांवर आलं. पण इतक्या मायेने दिलेला शब्द परत कसा करायचा?

"उपकार झाले, तेरसिंगभाऊ," मी म्हटलं.