मुक्ताबाईंच्या तीनचाकीचे दुसरे वाटप

मुक्ताबाई कासारणीला बोलावल्याशिवाय देवळाली प्रवरेत लग्नच लागत नसे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु त्यांना न बोलावता लागलेल्या लग्नाची चर्चा मात्र पुढची लगीनसराई येईपर्यंत पुरत असे. उसाच्या गाडीखाली सापडून त्यांचे दोन्ही पाय निकामी झाले, तरी हातांची कीर्ती कमी झाली नाही. अडचण एवढीच होती की ते हात गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत न्यायचे कसे. कित्येक वर्षे त्या भाच्याच्या सायकलीच्या कॅरिअरवर पोत्यासारख्या बसून जात. पोते निदान मुकाट्याने बसते. मुक्ताबाई प्रत्येक खड्ड्यागणिक भाच्याचा उद्धार करीत, आणि आपण दुसऱ्याच्या सवडीने जगतो हे शल्य त्या उद्धारात दडवीत.

दिवाळीच्या सुमारास काकासाहेबांच्या प्रतिष्ठानाने त्यांना हाताने फिरवायची तीनचाकी सायकल दिली. आज ना उद्या आपण आमदार होणार, ही गोष्ट काकासाहेबांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. ती पक्षाला कळायची तेवढी राहिली होती. मुक्ताबाईंनी सायकलीच्या मागे बांगड्यांसाठी पत्र्याची पेटी बसवून घेतली आणि त्या पार राहुरीच्या बाजारापर्यंत एकट्या जाऊ लागल्या. कधी निघायचे आणि कुणाच्या दारावरून न थांबता पुढे जायचे, हे आता त्या स्वतः ठरवीत.

उन्हाळ्याच्या तोंडावर काकासाहेबांचा कार्यकर्ता गहिनीनाथ दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, येत्या रविवारी पुण्यात तुमाला सायकल मिळनार हाय."

"मला हाय की सायकल. तिच्यावरच बसलेय."

"हीच मिळनार हाय."

मुक्ताबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "ही अजून मिळाली न्हाई व्हय मला?"

"वापरायला मिळाली. वाटप व्हायचंय. मुंबईचे लई मोठे पाव्हने येनारेत, त्यांच्या हस्ते व्हनार. निवडनुकीचं तिकीट त्यांच्याच हातात हाय म्हन्त्यात."

"आन मी आले न्हाई तर?"

गहिनीनाथाने मान खाली घातली. त्याच्या बायकोचा लग्नचुडा मुक्ताबाईंनीच भरला होता. "सायकल अजून प्रतिष्ठानाच्या मालकीची हाय, मावशी. जो हजर न्हाई त्याची सायकल शेवगावच्या एका बाईला द्यायची, असं काकासाहेब म्हनले."

म्हणजे पुन्हा भाचा आणि पुन्हा कॅरिअर. मुक्ताबाई यायला कबूल झाल्या.

सायकल नवी दिसली पाहिजे, असा काकासाहेबांचा हुकूम होता. गहिनीनाथाने पेटी काढून ठेवली, सांगाड्याला तांबडा रंग फासला आणि तिन्ही चाके वर्तमानपत्रांत गुंडाळून सुतळीने आवळली. आता तिच्यावर कुणी बसायचे नव्हते, मुक्ताबाईंनी तर नाहीच. ज्यांना चालता येत नव्हते त्यांनी, चालू शकणाऱ्या पण चालवायची मनाई असलेल्या वाहनाला पुण्यास न्यायचे, असा हा लोकसेवेचा कार्यक्रम होता.

एस.टी.ने हूं की चूं केले नाही. ज्या टपावरून कोंबड्यांची खुराडी, लोखंडी पलंग आणि घोडा वगळता अख्खी वरात जाऊन आली होती, त्याला तीनचाकीचे काय कौतुक. हमालाने दोर टाकून ती वर ओढली, कंडक्टरने सामानाचे तिकीट फाडले, गहिनीनाथाने मावशींना उचलून आसनावर बसवले आणि दुपारच्या आत दोघे सायकलीसकट शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरले. समारंभाचे सभागृह नदीपलीकडे होते. तिथवर शहर बस.

पहिल्या बसचा कंडक्टर दारातच आडवा झाला.

"हे काय आहे?"

"सायकल," गहिनीनाथ म्हणाला.

"मग चालवत न्या."

"चालवायची न्हाई ती."

"मोडलीय का?"

"न्हाई, नवी हाय. म्हंजी, नवी व्हायचीय."

कंडक्टरने त्याच्याकडे बऱ्यापैकी करुणेने पाहिले. "हे बघा, बाईंना मी नाही म्हणत नाही. अपंगांसाठी राखीव जागा आहे, वर पाटीसुद्धा आहे. त्यांनी खुशाल चढून बसावे."

"चढता आलं असतं तर ती जागा राखीव कशाला ठिवली असती तुमी?" मुक्ताबाईंनी विचारले.

"तो प्रश्न माझ्या अखत्यारीत येत नाही. मांडीवर मावेल तेवढंच सामान आत घेता येतं."

"ही माझ्या मांडीवर न्हाई मावत, बाबा. मी हिच्या मांडीवर मावते."

आतून एका गृहस्थांनी खिडकीतून डोके काढले आणि शहरात येताना लोकांनी पूर्वतयारी कशी करावी, यावर चार शब्द सुनावले. शेजारच्या बाईंनी त्यांना त्यांचाच थांबा मागे गेल्याचे सांगितले. ते धडपडत उतरले. बस निघून गेली.

दुसऱ्या बसच्या कंडक्टरने नियंत्रकाकडे बोट दाखवले. नियंत्रक टपरीत डबा खात बसले होते. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून विषयाचा सांगोपांग विचार केला. सायकलीवर बाई बसल्या असतील तर ते वाहन ठरते, आणि वाहनात वाहन नेता येत नाही. बाई बसल्या नसतील तर ते सामान ठरते, आणि एवढे मोठे सामान टपावर ठेवावे लागते. शहर बसला टप आहे, परंतु टपावर जाण्याची शिडी नाही.

"मग आमी काय करावं, साहेब?" गहिनीनाथ काकुळतीला आला होता.

"रिक्षा करा."

रिक्षावाल्याने सायकलीकडे पाहिले, मग स्वतःच्या रिक्षाकडे पाहिले. "तीन चाकांत तीन चाकं बसवू होय," असे म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ऊन डोक्यावर आले. फुटपाथावर गोणपाट टाकून मुक्ताबाईंना बसवले होते आणि येणारे-जाणारे त्यांच्यासमोर नाणी टाकावीत की काय, अशा बेताने चाल मंदावीत होते. एकाने खिशात हात घातलाच. मुक्ताबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसत तो चालता झाला.

"गहिनीनाथ, कागद फाड."

"मावशी, चाकं मळतील. काकासाहेब मला उभा चिरतील."

"हजर न्हाई झाले तरी सायकल जातीय, मळली तरी जातीय. जायचीच आसंल तर माझ्या बुडाखालून जाऊ दे. फाड म्हन्ते ना."

गहिनीनाथाने कागद फाडले, मावशींना उचलून बसवले आणि स्वतः मागे चालू लागला. टेलिफोनच्या तारांसाठी खणलेला पुण्याचा रस्ता मुक्ताबाईंना राहुरीच्या रस्त्याहून फारसा वेगळा वाटला नाही. फक्त इथे खड्ड्यांना पाट्या लावल्या होत्या. चाके धुळीने माखली. उन्हात पाघळलेला तांबडा रंग त्यांच्या लुगड्याला लागला. पुलावर एक शहर बस मागे येऊन भोंगा वाजवू लागली. मुक्ताबाईंनी रस्त्याची मधली बाजू सोडली नाही. वाहनाने वाहनाचा मान राखावा, असे त्यांचे मत होते. आणि आपण वाहन असल्याचा निवाडा त्या नियंत्रकांकडून घेऊन आल्या होत्या.

सभागृहाच्या दारात मुंबईचे पाहुणे नुकतेच गाडीतून उतरले होते. सुवासिनी ओवाळत होत्या, काकासाहेब हार घेऊन उभे होते, आत लाभार्थ्यांच्या रिबिनी बांधलेल्या सायकली ओळीने लावल्या होत्या. तेवढ्यात मुक्ताबाई घामाघूम होऊन थेट पायघडीवर येऊन थांबल्या. काकासाहेबांनी गहिनीनाथाकडे पाहिले. गहिनीनाथाने आकाशाकडे पाहिले.

"कुठून आलात, बाई?" पाहुण्यांनी विचारले.

"देवळाली प्रवरेहून. शिवाजीनगरापातूर येश्टीनं, तिथून हिच्यावर."

पाहुणे गहिवरले. गहिवरण्यासाठीच ते आले होते. ते वेळेच्या थोडे आधी घडले इतकेच. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण काकासाहेब, यांच्याकडे तर सायकल आहे. चांगली वापरातली दिसते. आहे त्यांनाच पुन्हा कशाला देता? गरजूंना द्या."

"नियमही तसाच आहे, साहेब," त्यांचे सचिव म्हणाले.

काकासाहेबांच्या हातातला हार हळूहळू खाली येऊ लागला. ही सायकल आमचीच, दिवाळीतच दिलेली, असे म्हणावे, तर आत रिबिनी बांधून उभ्या असलेल्या साऱ्या सायकली दिवाळीतच दिलेल्या होत्या.

बांगडी भरताना हात केव्हा सैल पडला हे कासारणीला आधी कळते. तेवढ्या एका क्षणात बांगडी चढवायची असते. मनगट सावध झाले की काच फुटते.

"सायेब," मुक्ताबाई म्हणाल्या, "ही कुनाची हाय त्ये काकासाहेबांनाच इचारा. त्ये म्हन्तील त्ये मला कबूल."

"बाईंचीच," काकासाहेब पुटपुटले.

"जरा मोठ्यानं सांगा, काकासाहेब. गहिनीनाथाला कमी ऐकू येतं. उगा शेवगावला काहीतरी भलतंच सांगून बसायचा."

"ही सायकल मुक्ताबाईंच्या स्वतःच्या मालकीची आहे," काकासाहेबांनी भाषणाच्या आवाजात जाहीर केले. छायाचित्रकाराने तेवढ्यात कळ दाबली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सर्वांनीच वाजवल्या. स्वावलंबनाचे असे उदाहरण आपल्या जिल्ह्यात घडवल्याबद्दल त्यांनी काकासाहेबांची पाठही थोपटली.

आत जेवणाच्या पंगती होत्या. मुक्ताबाईंना थांबण्याचा आग्रह झाला. वाटप ज्यांचे व्हायचे आहे त्यांनी जेवावे, असे सांगून त्यांनी पायघडीवरच सायकल वळवली आणि ओवाळणाऱ्या बायांना बाजूला सरायला लावले. पाहुण्यांनी हात जोडले. मुक्ताबाईंनी उलट नमस्कार केला नाही. त्यांचे दोन्ही हात सायकल चालवीत होते.