साकवाचं गाऱ्हाणं

वैशाखात भर दुपारी सभा ठेवणारा माणूस एक तर वैरी असावा, नाहीतर देशावरचा. आमचे मुख्याधिकारी देशावरचे होते. वीज गेल्यामुळे सभागृहातला पंखा थांबलेला, खिडकीतून येणारा खाडीचा वारा स्वतःच पेंगत होता, आणि शेजारच्या घरातल्या आंब्याच्या आढीचा वास जिना चढून येऊन आमच्या डोळ्यांवर बसत होता.

२००३ सालची ही गोष्ट. सभेपुढे विषय एकच होता: आलेल्या निधीतून तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर कारंजं बांधायचं की तळेवाडीच्या पऱ्यावर साकव. हा पऱ्या म्हणजे मोठा लबाड ओढा. उन्हाळ्यात त्यात म्हशीचे खूरही भिजत नाहीत आणि श्रावणात तो अख्खी म्हैस वाहून नेतो. त्यावर पायी जाण्यापुरता एक पूल, एवढंच वाडीचं मागणं होतं.

कारंजं माझं होतं, म्हणजे सूचना माझी. मी श्याम बर्वे, बागायतदार, दोनदा निवडून आलेला नगरसेवक आणि थोडा हट्टी. थोडा हे माझं मत, बायकोचं वेगळं आहे. गणपतीपुळ्याला निघालेल्या गाड्या आमच्या गावात थांबत नाहीत, नुसती धूळ उडवून जातात, याचा मला भयंकर राग यायचा. कारंजं असलं की थांबतील, पोरं उतरतील, रंगीत दिव्यांत पाणी नाचेल. मला ते रात्री स्वप्नातसुद्धा दिसायचं. नगराध्यक्ष भिकाजीराव माझ्या बाजूचे होते आणि बाकीचे भिकाजीरावांच्या.

साकव मागणारी एकटी गोदा. राखीव जागेवरून निवडून आलेली आणि सभेत आजवर चकार शब्द न काढलेली. तिचा नवरा रावजी तळेवाडीचा मानकरी होता. शिमग्यात पालखीपुढे वाडीचं गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, तोच घालायचा, आणि काय आवाज होता त्याचा! सभेच्या दोन वर्षं आधी श्रावणात सड्यावर गवत कापताना त्याला फुरसं चावलं. वाडीने त्याला डोलीत घालून पऱ्यापर्यंत आणलं आणि पऱ्या दुथडी भरलेला. समोर पलीकडच्या काठावर दवाखान्याचा दिवा दिसत होता. डोली खांद्यावर घेऊन माणसं पावसात तशीच उभी राहिली. पाणी उतरलं तेव्हा दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हे सगळ्या सभेला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दुपारी तीनला आठवणं वेगळं.

गोदा उठली. पदर सारखा केला, तोंड उघडलं, मिटलं. ‘माननीय’ या शब्दाशीच ती अडली. मला वाटलं, बसेल बिचारी. मी डोळे मिटले आणि माझं कारंजं सुरू झालं.

पाणी उडत होतं, हिरवं, तांबडं. त्या पाण्याआडून लांबून ढोल आल्यासारखा वाटला. मग मी तिठ्यावर नव्हतोच. होळीच्या माळावर वडिलांच्या खांद्यावर बसलो होतो, समोर पालखी होती आणि कुणीतरी ओळखीच्या चढउतारात देवाला सांगत होतं:

“बा देवा म्हाराजा! आज ही जी काय मंडळी हितं जमलीत...”

“व्हय म्हाराजा!”

“त्यांच्या मनात जी काय आडीआडचन आसंल ती दूर कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“साळंच्या पोरांना, अडलेल्या बाईला, दुखन्याच्या मानसाला पऱ्याचं पानी आडवं येऊ देऊ नको!”

“व्हय म्हाराजा!”

“आन् हितला निधी आमच्या साकवाला लागू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शेवटचा ‘व्हय’ इतका मोठा होता की मी दचकून जागा झालो. तो माझाच होता.

आमच्याकडे गाऱ्हाण्याला होकार द्यायला पोर बोलायच्या आधी शिकतं. तो झोपेतही घशातून निघतो. सभागृहात गोदा हात जोडून उभी होती आणि पेंगेतच होकार देऊन बसलेले सगळे एकमेकांकडे बघत होते. भिकाजीराव अर्धवट डोळे उघडून म्हणाले, “गाऱ्हान्याचा नारळ खंय हाय?”

मुख्याधिकारी बिचारे गोंधळून गेले. “साहेब, हे मतदान झालं का?”

“मुळीच नाही!” मी ताडकन उठलो. “हे मत नव्हे, ही झोप होती!”

गोदाने माझ्याकडे पाहिलं. आता ती अडखळत नव्हती. “तुमीच बोल्लाव, श्यामभाऊ. सगल्यांत मोठ्यान् बोल्लाव. आता नाय म्हना बगू.”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण पालखीपुढे दिलेला होकार परत घेणारा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही, आणि पहिला मान मला नको होता. शिवाय खरं सांगतो, तिच्या तोंडून आलेला तो हेल रावजीचा होता. बाई गाऱ्हाणं घालत नाही आमच्याकडे. घालणारा राहिला नाही, म्हणून तिने घातलं.

मी खाली बसलो. “लिहा, सर्वानुमते,” म्हटलं.

कारंजं राहिलं ते राहिलंच. गाड्या अजून धूळ उडवतात आणि मला अजून राग येतो.

पुढच्या वर्षी श्रावणात साकव खुला झाला. आम्ही छत्र्या घेऊन अलीकडच्या काठावर उभे होतो. खाली तांबडा पऱ्या घोंघावत होता आणि धुक्यात पलीकडची वाडी दिसत नव्हती. त्या धुक्यातून गोदा एकटीच चालत आली, सावकाश, डोलीबरोबर चालावं तशी. अलीकडे पोचली आणि मागे वळली. साकवावर कुणी नव्हतं.

“अवो, या आता,” ती रोजच्या आवाजात म्हणाली. “पानी नाय लागत पायांना.”

मी छत्री मिटली आणि वाट सोडून बाजूला झालो.