मी मासा की डुक्कर?

मी चरबी बोलतेय. डुकराची चरबी. निदान माझी तशी समजूत आहे. पण ठामपणे काही सांगायची वेळ आली की मी पातळ होते, हा माझा जुना दोष.

डॅन्यूब नदी समुद्राला मिळते तिथल्या एका मासेमारांच्या गावात, आर्त्योमच्या डुकराच्या पाठीवर मी थर धरला. गाईबैलांची चरबी फार करारी असते. त्यांनी काहीही चरलं तरी पोटातल्या पोटात त्याचं रूप पालटतं आणि चरबी आपली घट्टच राहते. डुकराचं तसं नाही. त्याच्या पोटात जे तेल जातं, ते कसलीही विचारपूस न होता पाठीवर येऊन बसतं. खाण तशी माती म्हणतात ना, तसंच.

आमच्या गावात डुकरं उन्हाळाभर माशांची डोकी आणि आतडी खातात. त्याला कुणाची हरकत नसते. मात्र पानगळ लागली की मासा बंद, मका सुरू. नाताळापर्यंत तो मका अंगी लागतो, चरबी पांढरीशुभ्र होते, वास जातो. आर्त्योमची बायको झिनोविया हिने मक्याची पोती नवऱ्याच्या हवाली केली आणि तिथेच ती चुकली. त्याने पोती देऊन आलुबुखाराची दारू आणली आणि डुकरापुढे कार्प माशांची डोकी टाकत राहिला.

"खा बाबा," तो डुकराला म्हणायचा. "तू कुठे बोलू नकोस, मीही बोलत नाही."

डुक्कर बोललं नाही. बोलले ती मी.

नाताळाच्या तोंडावर मला वितळवून मातीच्या बरणीत भरलं. बाहेर बर्फ पडत होता, तरी मी काही गोठेना. पिवळसर, सैल, बरणी कलती केली की मीही कलायची.

"अहो, ही अशी का लोळतेय?" झिनोवियाने विचारलं.

"यंदा थंडीच कमी आहे," मिशीवरचा बर्फ झटकत आर्त्योम म्हणाला.

सणाला पाद्री आवेर्की जेवायला आले. त्यांच्यासाठी झिनोवियाने मला कढईत घेतलं आणि आत जाम भरलेले गोड वडे तळायला टाकले. मी तापले मात्र, माझ्यातला सगळा मासा जागा झाला. गावातली मांजरं खिडकीत येऊन बसली.

पाद्रीबाबांनी एक वडा हुंगला. "झिनोविया, आत जाम घातलास की काटे?"

"देवाशपथ पाद्रीबाबा, डुकराचीच चरबी आहे!" आर्त्योम घाईने म्हणाला. "मका खाऊन खाऊन वाढलेलं डुक्कर!"

झिनोवियाने वड्यांचं ताट उचलून आत नेलं. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "मक्याला कार्पचा वास येतो हे मला आजच कळलं. ही चरबी आता होडीच्या बुडाला फासते."

चरबीच्या जातीची एकच इच्छा असते, कुणीतरी चवीनं खावं. होडीच्या बुडाला कसली आलीय चव? पण अन्न टाकवेना म्हणून तिने मला झाकून फळीवर ठेवलं आणि मी वाट पाहू लागले.

मग ईस्टरआधीचा मोठा उपास लागला. सात आठवडे मांस नाही, मासा नाही, दूध नाही, चरबी तर मुळीच नाही. मधे शुभवार्तेच्या सणाला तेवढा मासा चालतो. त्या दिवशी घरोघरी मासा शिजतो. आर्त्योमच्या जाळ्यात मात्र त्या सकाळी एक फुटका बूट आला.

"मासेमाराच्या घरात सणाला बटाटे!" झिनोविया म्हणाली. "लोक शेण घालतील तोंडात."

"घरात मासा आहे," आर्त्योम म्हणाला आणि फळीवरची माझी बरणी काढली. "हुंगून बघ. याच्यात बटाटे तळ."

झिनोवियाने कमरेवर हात ठेवले. "पाद्रीबाबांना विचारू. मासा म्हणाले तर तळते. डुक्कर म्हणाले तर आजच होडीला."

पाद्रीबाबा आले. त्यांनी बरणीत नाक घातलं, डोळे मिटले. बिचारे तेही उपाशी होते. "कार्प," ते पुटपुटले. "थोडा हेरिंगही."

माझा आनंद गगनात मावेना. मासा तर मासा! मला कशानेही काही फरक पडत नव्हता.

"पण आर्त्योम, पाय किती होते रे त्याला?"

"चार. पण पोहायचं ते, पाद्रीबाबा."

"कुठे?"

"चिखलात."

पाद्रीबाबांनी आवंढा गिळला. पुन्हा एकदा हुंगलं. कढई चुलीवर होती, बटाटे चिरलेले होते. मग त्यांनी निःश्वास टाकला. "नाताळात ही देवाशपथ डुक्कर होती. आता मासा म्हटलं तर तुझी शपथ खोटी ठरते. तेव्हा डुक्करच." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, फार हळू, झाकण लावलं.

झिनोवियाने बटाटे उकडले. संध्याकाळी आर्त्योमने मला होडीच्या बुडाला फासलं. फासताना तो बोटं चाटत नाही ना, हे बघायला ती काठावर उभी होती.

होडी पाण्यात गेली. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे असते तर मिटले असते. इतक्यात खालून कुणीतरी मला लुचलं. एक कार्प! मग दुसरा. काय तो त्यांचा उत्साह! अखेर मला कुणीतरी चवीनं खाल्लं.

सध्या माझा मुक्काम एका जाड्या कार्पच्या पोटाशी आहे. डुकराच्या पाठीवर बसले होते तशी इथेही मुकाट्याने जाऊन बसले. आता मी मासा आहे की डुक्कर, हे विचारू नका. मलाच सांगता येत नाही.

पण वेळ थोडा आहे. वर जाळं हलतंय, आर्त्योमचं खोकणं ओळखू येतंय. अंगणात डुकराचं नवं पिल्लू बांधलंय, आणि पानगळ लागलीय. झिनोवियाबाई, एवढंच सांगते. मक्याच्या कोठीची किल्ली या वेळी स्वतःच्या कमरेला ठेवा. नाहीतर नाताळात भेटूच.